नकाशाखालचा डोंगर

मित्रांनो, मोबाइलमध्ये नकाशा उघडला की तुमची नजर आधी निळ्या ठिपक्याकडे जाते. तो ठिपका म्हणजे तुम्ही. मग जायचे ठिकाण दिसते आणि दोघांच्या मधला रस्ता. पण हे ठिपके काही हवेत तरंगत नाहीत. त्यांच्याखाली कुणीतरी अंग पसरून पडलेले असते. त्याला पार्श्वभूमीचा थर म्हणतात. मी तसाच एक थर आहे, वयाने जुना आणि दिसायला ओबडधोबड. माझ्यात ना रंगीत रस्ते, ना घरांची छपरे. माझ्या अंगावर नुसत्या तपकिरी, वेड्यावाकड्या रेषा आहेत. भूगोलाच्या तासाला त्यांना समोच्च रेषा म्हणतात. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात आणि पुढे सगळे त्यांना विसरून जातात. सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी ती रेषा. जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते, एवढेच मी सांगतो.

माझा जन्म एका डोंगराच्या अंगाखांद्यावर झाला. आज त्या डोंगरावर अर्धे शहर चढून बसले आहे. तेव्हा तिथे झुडपे, पायवाटा आणि एक बंद पडलेली दगडखाण होती. एक मोजणीदार तिपाईवर दुर्बीण लावून उभा राही आणि त्याचा जोडीदार रंगवलेली उंच पट्टी धरून काट्याकुट्यांतून हिंडे. मोजणीदार तोंडाचा फटकळ होता.

"सरळ धर रे! पट्टीला झोप लागली का?"

"तुम्हीच या की इकडे," जोडीदार खालून ओरडे, "काटे सरळ लागतात का बघायला!"

अशी भांडणे करत त्या दोघांनी माझी एकेक रेषा कागदावर उतरवली. मोजणीदार म्हणायचा, "रेषा लांब लांब असल्या की गप्पा मारत चालावं. जवळ आल्या की गप्पा थांबवाव्या. आणि एकमेकींना चिकटल्या, तर मुकाट्यानं मागं फिरावं." खाणीच्या तोंडाशी माझ्या रेषा अशाच चिकटल्या आहेत. लांबून बघणाऱ्याला ती एकच जाडसर रेघ वाटते.

पुढे कित्येक वर्षे मी एका कपाटात गुंडाळी होऊन पडलो होतो. माझ्या कडा कसरीने खाल्ल्या. मग कधीतरी मला बाहेर काढून संगणकात घातले, आणि एका मुलीने डोळे चोळत चोळत माझ्या सगळ्या रेषा पुन्हा गिरवल्या. तिथून मी मोबाइलमध्ये आलो. डोंगर तोच, फक्त आता तो खिशात मावत होता.

मला कामाला लावले ते एका दवाखान्याने. त्या दवाखान्याच्या नर्स घरोघर जाऊन रुग्णांची सेवा करत. म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले, नुकतेच ऑपरेशन झालेले, असे सगळे त्यांच्या वाट्याला येत. प्रत्येक रुग्णाचे घर नकाशावर एक ठिपका होते, आणि त्या ठिपक्यांच्या खाली आम्ही तीन थर होतो. एक रस्त्यांचा: पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा. दुसरा आकाशातून काढलेल्या फोटोचा. गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा त्यात दिसे, म्हणून तो जरा तोऱ्यात असे. आणि तिसरा मी. नर्सने आपल्याला हवा तो थर निवडायचा. बहुतेकजणी रस्त्यांचा निवडत. मला कोण विचारतो?

मला विचारले मोठ्या सिस्टरने. खरे सांगायचे तर तिच्या गुडघ्यांनी विचारले. ती सकाळी घरीच चहा पीत मला उघडायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि रेषांवरून बोट फिरवत दिवसभराच्या भेटी लावायची. "चढायचं एकदाच, तेही गाडीनं. मग उतरता उतरता सगळ्यांना भेटायचं," असा तिचा खाक्या होता. गाडी चालवणाऱ्याला सगळे ब्रेकमामा म्हणत, कारण मांजर आडवे जाण्याच्या आधीच तो ब्रेक दाबायचा. तो तिला वरच्या टोकाला सोडी आणि खालच्या टोकाला जाऊन थांबे. बाकीच्या नर्स हसायच्या. "मोठ्या सिस्टर नकाशा बघत नाहीत, जिलबी सोडवतात!"

"हसा बायांनो," ती म्हणायची. "तुमचेही गुडघे एक दिवस बोलायला लागतील."

ती माझी सुखाची वर्षे होती. संध्याकाळी घरी आल्यावर ती फोनवरून हात फिरवून म्हणे, "आज वाचवलंस रे बाबा." एवढे कौतुक मला पुरे होते.

मग नर्सची तक्रार आली की फोन अडकतात, नकाशा उघडायला वेळ लागतो. तक्रार खरी होती. दवाखान्याच्या साहेबांनी तपासून घेतले की कुठला थर किती वापरला जातो. माझ्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हते. साहेब दुष्ट नव्हते. त्यांना फोन हलके करायचे होते. नवा नकाशा आला, त्यात एकच पांढरी पार्श्वभूमी राहिली, आणि मला वगळले. मोठ्या सिस्टरने मात्र तो नवा नकाशा घेतलाच नाही. "चाललंय ते चालू दे," म्हणून ती तो निरोप रोज बाजूला सारत राहिली. त्यामुळे सगळ्या दवाखान्यात मी फक्त तिच्या जुन्या फोनमध्ये उरलो.

पुढे तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. तिला दवाखान्यातल्या टेबलावर बसवले, फोन घ्यायला आणि औषधे मोजून द्यायला. तिची बॅग तिच्या सुनेने खांद्यावर घेतली. सूनही नर्सच होती. सगळे तिला धाकटी सिस्टर म्हणू लागले. पोरगी चुणचुणीत, पायाला भिंगरी, रुग्णांना हसवणारी.

पहिल्या दिवशी सासूने तिच्यापुढे मला उघडून धरले. "हा फोन घेऊन जा. यातला नकाशा बरा आहे."

सुनेने डोकावून पाहिले. "आई, तुमच्या फोनची बॅटरी दारापर्यंत टिकत नाही. आणि हे काय, दोऱ्याचा गुंता सांडलाय नुसता! माझ्यात बघा किती स्वच्छ दिसतंय."

सासूही हसली. "बरं बाई. तुझे गुडघे अजून नवे आहेत."

मित्रांनो, त्या वेळी मला वाईट वाटले ते माझ्यासाठी. पुढे काय घडणार आहे ते मला कुठे माहीत होते?

त्या दवाखान्याचे एक रुग्ण होते, बँडवाले काका. उभे आयुष्य त्यांनी बँडमध्ये मोठा पितळी भोंगा वाजवला होता. आता त्यांच्या फुप्फुसांत दम उरला नव्हता. घरी ऑक्सिजनचे मशीन होते, ते विजेवर चाले, आणि दिवसरात्र त्याची नळी काकांच्या नाकाला असे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नुकतीच जागा बदलली होती. मुलगा परगावी, म्हणून काकूंनी परवडेल अशी खोली डोंगराच्या दुसऱ्या अंगाला घेतली होती. तो उतार मोठ्या सिस्टरच्या वाट्याला कधी आला नव्हता. धाकटी तिथे एकदाच गेली होती, तेही वरच्या रस्त्याने, गाडीतून, ब्रेकमामाशी बोलत बोलत.

एका दुपारी त्या भागातली वीज गेली. मशीन बंद पडले. घरी ठेवलेला जादा सिलिंडर काकूंनी लावला, तर तो तळाला गेलेला. त्यांनी दवाखान्याला फोन केला. मोठी सिस्टर तेव्हा आत औषधांच्या खोलीत होती. टेबलावरच्या दुसऱ्या माणसाने पडद्यावर पाहिले. काकांच्या घराचा ठिपका आणि धाकटीच्या गाडीचा ठिपका अगदी शेजारी शेजारी होते, बोटभर अंतरावर. त्याने लगेच तिला कळवले. गाडीत एक भरलेला सिलिंडर होता. "दोन मिनिटांत पोचते," ती म्हणाली.

गाडी खालच्या रस्त्यावर होती. पुढची गल्ली अरुंद. ब्रेकमामाला थांबवून ती सिलिंडर खांद्यावर घेऊन पळत सुटली. भरल्या घागरीएवढे ते ओझे. गल्लीत एक सायकल दुरुस्त करणारा बसला होता. "ओ ताई, पुढं वाट नाही," असे तो ओरडला. तिला ऐकू आले नाही. तिचे डोळे फोनवर होते, आणि फोन म्हणत होता, जवळच आहे.

मोठी सिस्टर बाहेर आली. त्या माणसाने सांगितले, "बँडवाल्या काकांचं मशीन बंद पडलंय. पण काळजी नको, धाकट्या सिस्टर तिथंच आहेत." तरी तिने सवयीने आपला जुना फोन काढला. जुना असला तरी त्यात नर्सचे ठिपके अजून दिसत. आणि माझ्या अंगावर तिने सुनेचा ठिपका पाहिला.

तो सरळ खाणीच्या तोंडाकडे चालला होता.

मला माझा कडा ठाऊक होता. मोजणीदाराने तिथे तिपाई लावली तेव्हा जोडीदार खाली उभा होता, आणि पट्टी पुरत नव्हती म्हणून दोघे वैतागले होते. आता त्या कड्याच्या वरच्या काठाला घरे होती आणि खालच्या पायथ्यालाही घरे होती. मध्ये दोन मजले उंच, उभा, तासलेला दगड. माझ्याजवळ सांगण्यासारखे सगळे होते, आणि तोंड नव्हते.

"अगं बाई," मोठी सिस्टर म्हणाली. "कडा आहे तिथं!" तिने फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. माझ्या अंगावरचा ठिपका चिकटलेल्या रेषांपाशी येऊन थांबला. मग तिकडूनच फोन आला. तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"आई," धाकटीला धाप लागली होती. "इथे दगडाची भिंतच आहे. घर वर आहे. मला दिसतंय. काकू दिसतायत वर."

"मागं फीर. गाडीनं वरच्या रस्त्यानं जा."

"मला माहितीये तो रस्ता, डोंगराला वळसा आहे. बाजारातून जावं लागेल. आई, त्यांच्याकडे तेवढा वेळ नाही."

वरून काकूंचा आवाज ऐकू आला, लांबचा, फाटलेला. "सिस्टर! अहो, ओठ निळे पडलेत यांचे!"

मोठ्या सिस्टरने फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, "दोरी आहे का म्हणावं त्यांच्याकडे?"

काकूंनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि खाली टाकली. धाकटीने सिलिंडर बांधला. काकूंनी ओढायला सुरुवात केली, आणि दोरी मध्येच तुटली. सिलिंडर दगडावर आपटल्याचा आवाज आम्ही ऐकला. मोठ्या सिस्टरने डोळे मिटले.

"आहे, आहे," धाकटी ओरडली. "फुटला नाही. काकू, दुसरं काहीतरी आणा! कुणाला तरी हाक मारा!"

काकूंच्या शेजारी एक शिंपी राहत होता. गळ्यात टेप तसाच लोंबत ठेवून तो धावत आला. त्याच्याकडे पडद्यांच्या जाड कापडाचे ठाण होते. तेच त्याने कड्यावरून सोडले, आणि खालून धाकटीने सिलिंडरच्या मानेला त्याची गाठ मारली, मग त्यावर आणखी एक. "ओढा! हळू, हळू... दगडाला घासू देऊ नका!" शिंपी आणि काकू, दोघांनी मिळून ओढले. सिलिंडर वर पोचला.

पण नर्स खालीच होती, मित्रांनो. वर सिलिंडर आणि खाली तो लावणारी. आता मध्ये फक्त आवाज होता.

"काकांना आडवं करू नका! बसवून ठेवा, पाठीला उशी द्या!"

"बसवलंय!"

"सिलिंडरला वर चावी आहे, ती डावीकडे फिरवा. डावीकडे!"

"माझं डावं की तुमचं?" शिंपी वरून विचारत होता.

"शिलाई मशीनचं चाक ज्या हातानं फिरवत नाही, त्या हाताकडे!"

"फिरत नाही हो! घट्ट आहे!"

"कापड धरून फिरवा!"

मग काही वेळ काहीच ऐकू आले नाही. धाकटीचा श्वास तेवढा फोनमध्ये वाजत होता. मोठी सिस्टर फोन दोन्ही हातांत धरून बसली होती आणि तिचा अंगठा माझ्या त्या जाडसर रेघेवर दाबला गेला होता.

"सुटली!" शिंपी ओरडला. "फुसफुस येतंय!"

"आता नळी लावा. काकू, मास्क तोंडावर धरा, हात काढू नका! मी येतेय, वरून येतेय!"

ती परत पळाली. ब्रेकमामाने आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकवरून पाय काढला. तरीही बाजारातून वळसा घालून ते पोचले तेव्हा काका मान टाकून बसले होते, काकू मास्क धरून उभ्या होत्या, आणि शिंपी त्यांच्या पाठीमागे उशीसारखा टेकून बसला होता. काका जिवंत होते. त्यांना रुग्णालयात नेले.

ते घरी परत आले. पण पूर्वी ते नळी लावूनही काकूंशी भांडायचे, बँडमधले किस्से सांगायचे. ते सगळे थांबले. आता एक शब्द बोलून ते थांबत आणि दुसरा शब्द शोधत राहत. काही आठवड्यांनी झोपेतच ते गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसे आधीच संपली होती. त्या दुपारने किती नेले आणि आजाराने किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ते सांगता येत नव्हते, हेच धाकटीला खात होते. ती जेवेना. पोळपाटापुढे बसून कणकेचा गोळा नुसता दाबत राही. एकदा म्हणाली, "आई, मी नकाशा बघत होते. त्यात काहीच नव्हतं. पांढरं होतं सगळं."

सासूने तिच्या हातातून गोळा काढून घेतला. "पांढरं होतं म्हणून रिकामं होतं असं नाही, पोरी. पण हे तुला सांगायला हवं होतं मी. तू हसलीस, मीही हसले आणि विषय सोडला."

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

"तेही खरं," सासू म्हणाली. मग तिने तो गोळा लाटायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मोठी सिस्टर काठी टेकत साहेबांच्या खोलीत गेली. मी तिच्या हातात होतो. तिने मला साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवले.

"हा थर का काढलात?"

साहेब रात्रभर झोपले नसावेत. "सिस्टर, कुणी वापरतच नव्हतं हो."

"मी वापरत होते."

"तुम्ही एकट्या."

"मग एकटीला विचारायचं होतंत, 'बाई, तुम्ही हे कशासाठी वापरता?' म्हणून."

साहेबांनी तो जुना फोन जवळ ओढून माझ्या रेषा पाहिल्या. त्यांनी मला हलके करायला लावले, माझ्या थोड्या रेषा गाळायला लावल्या आणि मला सगळ्यांच्या नकाशात परत आणले. पण मी आपोआप दिसत नाही. ज्याला हवा असेल त्याने एका चौकोनात खूण करून मला चालू करायचे. आपोआप लावला तर नर्स पुन्हा तक्रार करतील, असे साहेबांना वाटले. कदाचित ते बरोबरही असतील.

मशीन परत न्यायला धाकटी काकूंकडे गेली, तेव्हा मी तिच्या फोनमध्ये होतो. काकूंनी तिला पाणी दिले. नळीची गुंडाळी करून ती मशीनवर ठेवली. मग म्हणाल्या, "तुझ्या फोनमध्ये आमचं घर दिसतं ना? दाखव."

तिने दाखवले. पांढऱ्या नकाशावर एक ठिपका.

"आणि कडा?"

धाकटीने खूण केली. माझ्या रेषा उमटल्या. तिने नखाचे टोक त्या रेघेवर ठेवले.

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ही? एवढीच?"

धाकटीने मान हलवली.

"मला वाटलं, मोठं काळंकुट्ट काहीतरी असेल," काकू म्हणाल्या. "मी अजून तिथून खाली बघत नाही गं. आणि इथं ती नखाखाली झाकली जाते." त्यांनी फोन परत दिला आणि धाकटीचा हात तसाच धरून ठेवला. "तू खाली उभी होतीस ना, तुझा चेहरा दिसत होता मला वरून. मी कुणालाच दोष देत नाही. पण हे तुझ्या बाकीच्या मैत्रिणींना दाखव."

धाकटीने दाखवले. काहींनी मान डोलावली, काहींनी खूण केली, काहींनी दोन दिवसांनी ती काढली, कारण रेषांमुळे रस्त्यांची नावे नीट वाचता येत नाहीत. त्यांचेही खोटे नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. नकाशा स्वच्छ दिसला म्हणजे वाट सोपी आहे, असे समजू नका. तुमच्या ठिपक्याखाली कुठला थर आहे, तो काय दाखवतो आणि काय गाळतो, हे घरून निघण्याआधी, हातात वेळ असताना बघा. रस्ते हवेत तर रस्त्यांचा थर लावा, छपरे शोधायची तर फोटोचा, आणि पायी चढायचे असेल तर मला विसरू नका. कुणी एकटाच एखादी जुनी गोष्ट जपून वापरत असेल, तर ती टाकण्याआधी त्याला कारण विचारा. आणि वाटेत बसलेल्या माणसाने हाक मारली, तर फोनमधून मान वर काढा.

आज सकाळी सगळ्या नर्स बाहेर पडल्या. धाकटीच्या फोनमध्ये मी चालू आहे, आणखी एकदोघींच्या फोनमध्येही आहे. बाकीच्यांचे ठिपके पांढऱ्या नकाशावरून भराभर सरकत आहेत. कडा आपल्या जागी आहे.